चौतीस रुपयांपासून चौतीसशेपर्यंत

२००७ च्या सुरुवातीला मोझर बेअर या दिल्लीच्या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. त्याआधी अस्सल डीव्हीडीला काही शे रुपये मोजावे लागत, म्हणून बहुतेक लोक ते मोजत नसत आणि फुटपाथवरच्या नकली डिस्कवर भागवत. आता अस्सल माल नकलीच्या भावात मिळू लागला, तोही किराणा आणि स्टेशनरीच्या दुकानात, दोऱ्याला लटकवलेला. पुण्यात लक्ष्मी रोड, डेक्कन, कॅम्प कुठेही जा, मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाच्या पैशात तीन-चार सिनेमे घरी येत होते. मराठी सिनेमेही त्याच रांगेत होते.

आज त्यांतल्या एखाद्या सिनेमाची डिस्क ऑनलाइन शोधून पाहा. बहुतेक वेळा ‘सध्या उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं. उपलब्ध असलीच तर किंमत शेकड्यांत, आणि विक्रेत्याच्या मनात आलं तर हजारांत. हे पाहून ग्राहक तीनपैकी एक गोष्ट करतो. कुणी ‘लूट आहे’ म्हणून खिडकी बंद करतो. कुणी डिस्क कार्टमध्ये टाकून ठेवतो आणि भाव उतरायची वाट बघतो. आणि ज्याला वर्षानुवर्षं डिस्क जमवायची खोड आहे, तो म्हणतो, आत्ता घेऊन टाकू, नंतर मिळायची नाही. तिघंही कधी ना कधी बरोबर असतात. पण कोणत्या डिस्कच्या बाबतीत कोण बरोबर, हे ठरवायचं तर आधी डिस्कची किंमत कशी बनते ते पाहावं लागतं.

डिस्क म्हणजे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची १.२ मिलिमीटर जाडीची चकती. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. कारखान्यात आधी काचेवर एक मूळ प्रत कोरतात, तिच्यावरून धातूचा साचा बनवतात आणि मग वितळलेलं प्लास्टिक त्या साच्यात दाबून काही सेकंदांत एकेक चकती बाहेर काढतात. मागाहून तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढतो. एका चकतीला लागणारं प्लास्टिक आणि वेळ इतका किरकोळ असतो, की शंभरावी काय आणि लाखावी काय, तिचा खर्च काही रुपयांच्या आतच राहतो. पैसा जातो तो पहिली चकती निघण्याआधी: सिनेमाचे हक्क, चांगली प्रत मिळवणं, मेन्यू आणि उपशीर्षकं तयार करणं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र (घरी बघायच्या व्हिडिओलाही ते लागतं), साचा, वेष्टनाची रचना.

समजा हा सगळा आधीचा खर्च चार लाख रुपये आला. एक लाख प्रती खपणार असतील, तर प्रत्येक प्रतीवर चार रुपये पडतात. एक हजारच खपणार असतील, तर चारशे. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण सगळ्या महागाईचं मूळ या भागाकारात आहे. मोझर बेअरनं भाजक प्रचंड मोठा करून दाखवला. १९८३ साली सुरू झालेली ही कंपनी आधी फ्लॉपी आणि मग कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवून जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांमध्ये जाऊन बसली होती. यंत्रं घरची, कच्चा माल घाऊक, आणि नकली डिस्कच्या गिऱ्हाइकालाच आपल्याकडे ओढायचं असं गणित. त्यामुळे बाकीच्या कंपन्यांनाही भाव पाडावे लागले.

गणित चाललं, तोवर चाललं. व्हीसीडी हा मुळात ओढूनताणून केलेला संसार होता. सीडीच्या आकारात सिनेमा कोंबायचा, चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, एका चकतीवर जेमतेम ७४ मिनिटं; म्हणून हिंदी सिनेमा दोन, प्रसंगी तीन चकत्यांवर यायचा आणि नायक-नायिकेची ताटातूट व्हायच्या ऐन क्षणी कुणीतरी उठून दुसरी चकती घालायची. डीव्हीडीत ४.७ जीबी मावू लागले, तेही मोझर बेअरच्या काळात बहुधा दोन-तीन सिनेमे एकाच चकतीवर कोंबून वाया घालवले गेले. स्वस्ताईची किंमत चित्रानं मोजली, असं माझं मत आहे. चौतीस रुपयांत कुणी मूळ निगेटिव्ह शोधत बसत नाही, कुणी दिग्दर्शकाची मुलाखत जोडत नाही, आणि विकत घेणाराही ती डिस्क सांभाळून ठेवत नाही.

ऑनलाइन दुकानं याच उताराच्या तोंडावर आली. फ्लिपकार्ट २००७ चं, पुस्तकांपासून सुरू झालेलं; सिनेमाच्या डिस्क काही वर्षांनी तिथं आल्या. ॲमेझॉननं ५ जून २०१३ रोजी भारतात दुकान उघडलं तेव्हा विक्रीला दोनच प्रकारचा माल होता: पुस्तकं, आणि सिनेमे व टीव्ही मालिकांच्या डिस्क. आज त्या दुकानात गव्हाच्या पिठापासून झाडूपर्यंत सगळं मिळतं आणि नेमक्या डिस्कच शोधाव्या लागतात. मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स, सप्टेंबरमध्ये जिओ, डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओ. एका वर्षात घरबसल्या सिनेमा बघण्याचा सगळा हिशेबच बदलला. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ज्या नेटफ्लिक्सनं टपालानं डीव्हीडी पाठवण्यापासून धंदा सुरू केला, त्यानं शेवटची डिस्क २९ सप्टेंबर २०२३ रोजी पाठवली. अमेरिकेतल्या बेस्ट बाय या मोठ्या साखळीनं २०२४ मध्ये डिस्क विकणं थांबवलं. ओप्पोनं २०१८ मध्ये आणि सॅमसंगनं २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर बनवणं सोडलं. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्लू-रे बंद केली अशी बातमी फिरते, ती अर्धवट आहे: बंद झाल्या त्या कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्क. सिनेमाच्या डिस्क अजून निघतात. फक्त थोड्या निघतात, आणि ज्यांना त्या हव्याच आहेत अशांसाठी निघतात. भागाकारातला भाजक लहान झाला.

म्हणजे भाववाढीमागे कारण आहे. मग राग का येतो? कारण मनातला भाव जुना असतो. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एक प्रश्न विचारला होता. हार्डवेअरच्या दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. मोठं हिमवादळ झालं, दुसऱ्या दिवशी दुकानदारानं भाव २० डॉलर केला. हे रास्त की अन्यायाचं? ८२ टक्के लोकांनी अन्यायाचं म्हटलं. मागणी वाढली की भाव वाढतो हे पाठ्यपुस्तकात मान्य, पण दुकानात अमान्य. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून भाव वाढला, तर लोक ते समजून घेतात. ऑनलाइन दुकानात नेमकं हेच कळत नाही. समोरच्या आकड्यात किती भाग खर्चाचा आणि किती संधी साधण्याचा, हे सांगायला गल्ल्यावर कुणी बसलेलं नसतं. ३४ रुपये हा आपल्या मनात ठोकलेला खुंटा आहे. महागाई धरली तर त्या ३४ चे आज ढोबळमानानं शंभर होतात, तरी चारशेची मराठी डीव्हीडी आपल्याला दहापटीनं महाग वाटते.

संशयाला इतिहासही आहे, आणि गंमत म्हणजे तो डिस्कचाच आहे. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या लक्षात आलं, की ॲमेझॉनवर एकाच डीव्हीडीचा भाव वेगवेगळ्या माणसांना वेगळा दिसतो. एकाला ‘टायटस’ या सिनेमाची डीव्हीडी २६.२४ डॉलरला दिसत होती. त्यानं आपल्या संगणकावरच्या कुकीज पुसल्या आणि तीच डीव्हीडी २२.७४ ला दिसू लागली. ओरड झाली. कंपनीनं सांगितलं, ही चाचणी होती, भाव वाटेल तसे वाटले होते, ग्राहक कोण हे पाहून नव्हे. शेवटी जेफ बेझोस यांनी चूक मान्य केली आणि ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत दिले. ऑनलाइन भाव स्थिर नसतो, हे सामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं ते सिनेमाच्या डिस्कमुळे.

त्याहून मजेशीर प्रकार २०११ चा. ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे माशीच्या वाढीवरचं शास्त्रीय पुस्तक. त्याच्या नव्या प्रती दोनच विक्रेत्यांकडे होत्या आणि दोघांचेही भाव संगणक ठरवत होता. पहिल्याचा नियम: दुसऱ्यापेक्षा किंचित कमी, म्हणजे ०.९९८३ पट. दुसऱ्याचा: पहिल्याच्या १.२७०५८९ पट. दोन्ही संगणक रोज एकमेकांकडे बघून भाव ठरवत गेले आणि पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख ९८ हजार डॉलरच्या वर जाऊन पोचली. तेव्हा एखादी जुनी डीव्हीडी नऊ हजारांना दिसली की तिची तेवढी लायकी आहे असं लगेच मानू नये. मागणारा कुणी नसताना, दोन आज्ञावल्यांच्या भांडणातून किंवा ‘पडून राहू दे, कुणीतरी घेईल’ या आशेतूनही तो आकडा आलेला असतो. अशा वेळी कार्टमध्ये टाकून वाट बघणारा शहाणा ठरतो.

आपल्या देशात मात्र एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे, जी अमेरिकेत नाही: एमआरपी. वैधमापनाच्या २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंद पाकिटातल्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि दुकानदाराला तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. आयात केलेल्या मालावरही आयातदारानं ती चिकटवायची असते. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन दुकानांनाही ती दाखवणं बंधनकारक झालं. म्हणजे २०१२ मध्ये ५९९ रुपये एमआरपी छापून निघालेली, सील न फोडलेली डिस्क कुणी नवी म्हणून अठराशेला विकत असेल, तर तो दुर्मीळतेचा भाव नाही, नियमभंग आहे. जुन्या पाकिटावर जास्त किमतीचं स्टिकर लावून भाव वाढवणंही चालत नाही. घरात वापरलेल्या डिस्कचं प्रकरण वेगळं. ती जुन्या वस्तूची विक्री, तिथं सौदा ज्याचा त्यानं करायचा. शिवाय ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत भावाची अवाजवी फिरवाफिरवी आणि एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये मनमानी भेदभाव, दोन्हींना मनाई आहे. २००० सालच्या अमेरिकेतल्या त्या चाचणीला आज इथं उत्तर द्यावं लागलं असतं.

जुन्या डिस्क विकण्याबद्दल अनेकांच्या मनात धाकधूक असते. तिला कारण होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाची प्रत आधी विकली गेलेली असली तरी पुन्हा विकण्याचा वा भाड्यानं देण्याचा हक्क मालकाकडे राहतो, अशी शब्दरचना होती. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये परदेशी डीव्हीडी आणून भाड्यानं देणाऱ्या एका लायब्ररीविरुद्ध त्याच आधारे निकाल दिला. २०१२ च्या दुरुस्तीत ते शब्द काढले गेले. धंदा म्हणून भाड्यानं देणं अजूनही परवानगीशिवाय चालत नाही, पण बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी डिस्क हाती लागली तर ती घ्यायला संकोच करायचं कारण उरलेलं नाही. घेताना उजेडात धरून बघावी. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या डिस्कवर बुरशीची नक्षी चढते.

आता शीर्षकातल्या दुसऱ्या आकड्याकडे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह असल्यामुळे, आणि दर वर्षी इथं आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत असल्यामुळे, जागतिक सिनेमा जमवणारे लोक इथं बरेच. त्यांचं आवडतं दुकान म्हणजे अमेरिकेतली क्रायटेरियन ही संस्था. सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी तिनंच २०१५ मध्ये जीर्णोद्धार करून डिस्कवर आणली. तिच्या ब्लू-रेची छापील किंमत कितीतरी वर्षं ३९.९५ डॉलर आहे. २०११ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा ती डिस्क अठराशेला पडत होती. डॉलर ८५ झाला तेव्हा तीच चौतीसशेला. अमेरिकेतल्या दुकानदारानं एक सेंट वाढवला नाही आणि इथल्या ग्राहकाला भाव जवळजवळ दुप्पट झालेला दिसला. वर टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी. पूर्वी पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू परदेशातून टपालानं करमुक्त येत असे. अमेरिकेतला भाचा वाढदिवसाच्या नावाखाली दोन-तीन डिस्क पाठवून द्यायचा. डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून सगळ्यालाच बंद झाली. आता भाच्यानं स्वतः येताना बॅगेतून आणणं हाच त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग.

आणल्यावर ती चालेल का, हा पुढचा प्रश्न, आणि तो इथं भावापेक्षा महत्त्वाचा आहे. स्टुडिओंनी जग विभागांमध्ये वाटून ठेवलं आहे. डीव्हीडीच्या हिशेबात भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या. ब्लू-रेच्या हिशेबात भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. क्रायटेरियनच्या ब्लू-रे ‘ए’ विभागाच्या. म्हणजे भारतात विकलेल्या सरळसाध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत. डीव्हीडी प्लेअरचं कुलूप रिमोटवरची चार बटणं दाबून उघडायची युक्ती पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कुणीही सांगायचा. ब्लू-रेचं कुलूप तसं उघडत नाही, प्लेअरच्या पोटात बदल करावा लागतो. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र विभागाचं बंधन ठेवलेलं नाही. ज्यांना परदेशातूनच मागवायचं आहे, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून फोर-के घेणं अनेकदा शहाणपणाचं. त्या चकतीत १०० जीबीपर्यंत माहिती मावते. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट मागतं, ही डिस्क त्याच्या आठपट वेगानंही माहिती ओतू शकते. अंधाऱ्या प्रसंगात काळ्या रंगाचे जे चौकोनी तुकडे पडद्यावर दिसतात, ते डिस्कवर सहसा दिसत नाहीत. ज्याला ते तुकडे खुपत नाहीत त्यानं चौतीसशे खर्च करू नयेत.

हे सगळं परदेशी सिनेमाचं. मराठीचं दुखणं निराळं आहे. आपल्याकडे भाव वाढण्याची वेळ येण्याआधीच माल संपला. प्रभात फिल्म कंपनीचे सिनेमे, पुलंची ‘वाऱ्यावरची वरात’, पुण्याच्या फाउंटन म्युझिकसारख्या कंपन्यांनी काढलेल्या मराठी चकत्या, असं बरंच काही त्या स्वस्ताईच्या दहा-बारा वर्षांत घराघरांत आलं. बहुतेक व्हीसीडीवर, म्हणजे आजच्या मोठ्या टीव्हीवर डोळे किलकिले करून बघावं लागेल अशा चित्रात. ब्लू-रेवर आलेले मराठी सिनेमे शोधूनही फारसे सापडत नाहीत. पुढचा उत्तम प्रतीचा टप्पा मराठीला मिळालाच नाही, आपण व्हीसीडीवरून थेट मोबाइलवर उतरलो.

सिनेमाची चांगली प्रत किती नाजूक असते, हे पुण्याइतकं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात १९३३ मध्ये इथं आली, तिच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये अर्काइव्ह सुरू झालं. ८ जानेवारी २००३ रोजी इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. बऱ्याच सिनेमांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती काढून झाल्या होत्या, म्हणून ते आज बघता येतात. घरातली प्लास्टिकची चकतीही अमर नाही: वॉर्नर ब्रदर्सनं २०२५ मध्ये मान्य केलं, की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आपोआप खराब होत आहेत. आणि ॲपवर ‘विकत घेतलेला’ सिनेमा तर मुळात परवानाच. तो कधीही काढून घेतला जाऊ शकतो हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून लागू केला. आपल्याकडे तसा कायदा नाही.

म्हणून माझा कौल असा. मराठी सिनेमाची किंवा नाटकाची अस्सल डिस्क एमआरपीत मिळत असेल, तर तिथं तिसरा ग्राहक बरोबर: भावाचा विचार न करता घ्या. परदेशी डिस्कला डॉलरची वाढ मान्य करा, पण भारतात पॅक झालेली, सील न फोडलेली जुनी डिस्क एमआरपीच्या वर कुणी विकत असेल तर पहिला ग्राहक बरोबर: विकत घेऊ नका, तक्रार करा.

परदेशी डिस्कवरचा वरखर्च कमी करायचा एक मार्ग पुण्याच्याच इतिहासात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथं ग्राहक पंचायत सुरू केली, ती एकत्र येऊन घाऊक खरेदी करण्याच्या कल्पनेवर. चार-पाच जणांनी मिळून परदेशातून एकच ऑर्डर दिली, तर टपालखर्च वाटला जातो आणि चौतीसशेच्या डिस्कवरचा वरखर्च पुष्कळ खाली येतो. मालाच्या पावत्या मात्र जपून ठेवा, सीमाशुल्कवाले मागतात. मागवण्याआधी घरातला प्लेअर एकदा सुरू करून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेल्या प्लेअरच्या ट्रेचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि ट्रे बाहेरच येत नाही. एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागितले गेले तर पडद्याचं चित्र काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. क्रमांक १९१५.